पाकिटातलं, डब्यातलं, बाटलीतलं: कुठून आलं आणि पोटात काय जातं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दूध नासतं, रस आंबतो, तेल खवट होतं. कारखान्यातल्या बऱ्याच पदार्थांचा जन्म अशाच एखाद्या अडचणीतून झाला. ती सोडवायला साखर, मीठ, चरबी, आम्ल किंवा सुकवणं यांपैकी जे कामाला आलं, तेच आज त्या पदार्थाच्या पोषणतक्त्यात सगळ्यात ठळक दिसतं. म्हणून इथे इतिहास आणि आकडे वेगळे काढलेले नाहीत. आकडे सर्वसाधारण उत्पादनांचे आहेत. हातातल्या पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा धरा.

पाकीट हातात घेतल्यावर सगळ्यात आधी काय वाचायचं?

घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे पहिले तीन घटक हाच बहुतांश पदार्थ. मात्र इथे एक खोच असते. साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, मध अशी वेगवेगळी नावं लिहिली की प्रत्येकाचा वाटा लहान दिसतो आणि गहू किंवा ओट्स पहिल्या क्रमांकावर राहतात. यादीत गोडाची तीन-चार नावं दिसली तर त्यांची मनात बेरीज करा.

त्यानंतर पोषणतक्ता. ‘प्रति सर्व्हिंग’चा रकाना बाजूला ठेवून ‘प्रति १०० ग्रॅम’चा वाचा, कारण दोन पदार्थांची तुलना त्यावरूनच होते. मग आपण खरोखर किती खातो ते एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. बहुतेकांना इथेच धक्का बसतो.

तक्त्यातला कॅलरींचा आकडा बरोबर आहे का, हे घरी तपासता येतं का?

येतं. कर्बोदकांच्या ग्रॅमना ४ ने, प्रथिनांच्या ग्रॅमना ४ ने आणि फॅटच्या ग्रॅमना ९ ने गुणून बेरीज करा. एखाद्या बिस्किटात १०० ग्रॅममागे ७० ग्रॅम कर्बोदकं, ७ ग्रॅम प्रथिनं आणि २० ग्रॅम फॅट असेल तर २८० + २८ + १८० = ४८८ किलोकॅलरी. पाकिटावर ४७५ किंवा ४९५ लिहिलं असेल तर ठीक आहे. फायबरसाठी ४ ऐवजी २ धरतात, शिवाय आकडे गोल केलेले असतात. फरक पन्नाशीपलीकडे गेला तर मात्र लेबलात गडबड आहे.

आणखी एक गुणाकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. मोकळी साखर, म्हणजे वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून, एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. २,००० किलोकॅलरींच्या आहारात ती ५० ग्रॅम होते. ५ टक्के, म्हणजे २५ ग्रॅम, जमलं तर आणखी चांगलं.

कोला हे पेय मुळात औषध होतं, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि एकटा कोलाच नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत सोड्याचा नळ असायचा आणि कडू औषधं सरबतात मिसळून त्यावर सोडा सोडून दिली जायची. सोडा स्वतःही औषधी मानला जाई, कारण त्याच्यामागे खनिज झऱ्यांच्या पाण्याची पुण्याई होती. पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरवण्याची कृती जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये लीड्समधल्या मद्यनिर्मितीच्या पिंपांवर प्रयोग करताना शोधली होती, आणि जेकब श्वेप यांनी १७८३ मध्ये जिनिव्हात तिचा धंदा केला.

अटलांटातले औषधविक्रेते जॉन पेम्बर्टन आधी कोकाच्या पानांची वाइन विकत. शहरात दारूबंदी आल्यावर त्यांनी दारू काढून साखरेचं सरबत आणलं. मे १८८६ पासून ते सोड्यात मिसळून विकलं जाऊ लागलं आणि तेच कोका-कोला. कोकाच्या पानांचा अर्क आणि कॅफीनयुक्त कोला बी ही त्यातली दोन ‘औषधं’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोकेन काढलेली पानं वापरायला सुरुवात झाली. पेप्सीचे जनक कॅलेब ब्रॅडहॅम हेसुद्धा औषधविक्रेतेच. नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यू बर्न गावी त्यांनी १८९३ मध्ये पेय बनवलं आणि १८९८ मध्ये त्याला आजचं नाव दिलं. १९२९ मध्ये बाजारात आलेल्या सेव्हन-अपमध्ये तर सुरुवातीची बरीच वर्षं लिथियम सायट्रेट होतं, जे मानसिक विकारांवर दिल्या जाणाऱ्या लिथियमचंच एक रूप आहे.

फँटाची गोष्ट मात्र निव्वळ टंचाईची आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या कारखान्याला कोलाचा अर्क मिळेना. तेव्हा तिथले प्रमुख माक्स काइट यांनी १९४० मध्ये सफरचंदाचा चोथा, चीज बनवताना उरलेलं पाणी अशा उरल्यासुरल्या मालातून नवं पेय उभं केलं. आजच्या नारंगी फँटाचा त्या कृतीशी संबंध फक्त नावापुरता.

एका कॅनमध्ये नेमकी किती साखर असते? आणि ती तेवढी गोड का लागत नाही?

साध्या कोलात १०० मिलिलिटरमागे सुमारे १०.६ ग्रॅम. ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅम, म्हणजे सपाट सात चमचे, आणि जवळपास १४० किलोकॅलरी. कॅफीन सुमारे ३२ मिलिग्रॅम. प्रथिनं, फॅट, फायबर शून्य.

तेवढी साखर नुसत्या पाण्यात विरघळवून प्यायला घेतली तर दोन घोटांत नकोसं होतं. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं आणि पेयाचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण २.५ असतो. हा आंबटपणा, विरघळलेल्या वायूचा झणका आणि थंडपणा, तिन्ही मिळून गोडवा दाबतात. म्हणूनच वायू उडालेला कोमट कोला गोडमिट्ट लागतो. तो बदलत नाही, फक्त त्याची खरी गोडी उघडी पडते.

दातांचा मुद्दा साखरेपेक्षा आम्लाचा जास्त आहे. पीएच ५.५ च्या खाली गेला की दातांचं एनॅमल विरघळू लागतं, त्यामुळे शुगर-फ्री कोलाही इथे सुटत नाही. एक कॅन तासभर घोट-घोट पीत बसणं सर्वांत वाईट, कारण लाळेला आम्ल निष्प्रभ करायला उसंतच मिळत नाही. प्यायचाच असेल तर जेवणाबरोबर संपवा, वर साधं पाणी प्या आणि दात घासायला निदान अर्धा तास थांबा. मऊ पडलेल्या एनॅमलवर लगेच ब्रश फिरवला तर ते अधिक झिजतं.

शून्य साखरेच्या पेयात गोडीसाठी घातलेलं अ‍ॅस्पार्टेम घातक आहे का?

कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये त्याला ‘२बी’ गटात टाकलं. त्याचा अर्थ ‘कर्करोगाशी संबंध असू शकतो, पण पुरावा मर्यादित’. हा गट पुराव्याच्या बळकटीबद्दल बोलतो, धोका किती मोठा आहे याबद्दल नाही. त्याच वेळी अन्न-मिश्रकांवरच्या तज्ज्ञ समितीने दिवसाला शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. ७० किलोच्या माणसासाठी ती २,८०० मिलिग्रॅम होते. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं तर नऊ ते चौदा कॅन.

फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना मात्र ते पूर्ण वर्ज्य. अ‍ॅस्पार्टेममधून फेनिलअ‍ॅलानिन सुटतं आणि त्यांच्या शरीराला ते पचवता येत नाही. लेबलवर तशी सूचना असते.

व्यवहारातली गोष्ट अशी की अ‍ॅस्पार्टेम उष्णतेत टिकत नाही. महिनोन्‌महिने उन्हात किंवा गरम गोदामात राहिलेली बाटली बेचव लागते ती त्यामुळे. केक भाजताना ते घातलं तर गोडी उडते. अशा कामाला सुक्रालोज अधिक टिकाऊ. पण साखर काढली की केकचा फुगवटा, ओलावा आणि तांबूस रंगही जातो, हे साखरेऐवजी घातलेला कोणताच गोड पदार्थ भरून काढत नाही.

एनर्जी ड्रिंक आणि स्पोर्ट्स ड्रिंक यांत फरक काय?

दोघांचा उद्देशच वेगळा. एनर्जी ड्रिंक झोप घालवण्यासाठी, स्पोर्ट्स ड्रिंक घामाची भरपाई करण्यासाठी.

थायलंडमध्ये चालियो युवित्या यांनी १९७० च्या दशकात क्रतिंग डेंग नावाचं बिनवायूचं गोड पेय आणलं. ट्रकचालक आणि कामगार यांच्यात ते चाललं. ऑस्ट्रियाचे डिट्रिख माटेशिट्स यांनी त्यात वायू भरून १९८७ मध्ये ते युरोपात आणलं, तेच रेड बुल. २५० मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम कॅफीन, सुमारे २७ ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम टॉरिन. टॉरिन बैलाच्या पित्तात १८२७ मध्ये सापडलं म्हणून अफवा फार आहेत. पेयातलं टॉरिन प्रयोगशाळेत बनतं, बैलाशी त्याचा काही संबंध नाही.

८० मिलिग्रॅम म्हणजे एक कप कॉफी, त्यात भयानक काही नाही. गोंधळ होतो तो ५०० मिलिलिटरच्या कॅनमुळे आणि दारूत मिसळल्यामुळे. कॅफीनने तरतरी येते, पण नशा उतरत नाही, आणि माणसाला आपण किती प्यालो याचा अंदाज राहत नाही. निरोगी प्रौढाला दिवसात ४०० मिलिग्रॅम आणि गर्भवतीला २०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं, असं युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेचं मत आहे. मुलांना ही पेयं देऊच नयेत.

गेटोरेड १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि सहकाऱ्यांनी तिथल्या फुटबॉल संघासाठी बनवलं. अशा पेयांत साखर साधारण ६ टक्के आणि लिटरमागे जेमतेम ४५०-५०० मिलिग्रॅम सोडियम असतं. तासभरापेक्षा जास्त दमछाक करणारा व्यायाम असेल तरच त्याचा उपयोग. अर्धा तास चालून आल्यावर पाणी पुरतं.

जुलाब झाले तर स्पोर्ट्स ड्रिंक चालेल का?

नाही. ओआरएसच्या प्रमाणित कृतीत लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर त्याच्या चौपटीहून जास्त आणि सोडियम तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. जास्तीची साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. दिसायला ओआरएससारख्या, चवीच्या खोक्यांतल्या पेयांबाबतही हेच. वरचे आकडे जुळतात का ते पाहूनच घ्या, आणि पुडी नेहमी लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात घाला. कमी पाणी घालून ‘स्ट्राँग’ केलेलं ओआरएस धोकादायक असतं.

‘नो अ‍ॅडेड शुगर’ असलेला फळांचा रस तरी चांगला ना?

घातलेली साखर नाही, पण फळातली आहेच. संत्र्या-सफरचंदाच्या रसात १०० मिलिलिटरमागे ८ ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे कोलाच्या आसपास. फळातला चोथा गेल्यामुळे ती भराभर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर ‘मोकळी साखर’ धरते ती याच कारणाने. क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम मिळतं हे मान्य. रोज एक लहान पेला, साधारण १५० मिलिलिटर, इथवर ठीक.

रस टिकवण्याची सुरुवात धर्मकारणातून झाली. चर्चमधल्या विधीसाठी न आंबलेला द्राक्षरस हवा म्हणून थॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये तो पाश्चरायझेशनच्या पद्धतीने तापवून बाटलीबंद केला. आज बराचसा रस आटवून घट्ट करतात, जहाजाने नेतात आणि शेवटी पुन्हा पाणी घालतात. आटवताना उडालेला सुवास गोळा करून परत मिसळला जातो. ‘नेक्टर’ किंवा ‘फ्रूट ड्रिंक’ लिहिलेलं असेल तर रसाची टक्केवारी शोधा. ती कधी कधी दहाच्या आसपासही असते.

माल्टयुक्त पेयांनी मुलांची उंची वाढते का?

उंची अनुवंश, एकूण आहार, झोप आणि आजारपण यांवर ठरते. कुठल्याही एका पुडीत ती नसते. जो मुलगा पुरेसं खातो त्याला या पावडरीतून वेगळं काही मिळत नाही.

हे पेय जन्मलं ते लहान बाळांच्या आणि आजाऱ्यांच्या पचनाच्या प्रश्नातून. इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या भावांनी १८७३ मध्ये कंपनी काढली आणि १८८३ मध्ये माल्टेड दुधाच्या भुकटीचं पेटंट घेतलं. बार्लीला मोड आणून सुकवली की माल्ट होतो. मोड येताना तयार झालेली एन्झाइम्स पिठातल्या स्टार्चचं माल्टोज साखरेत रूपांतर करतात. हे मिश्रण दुधासह निर्वात भांड्यात आटवून भुकटी करायची. दूध नासण्याचा प्रश्न मिटतो, गोडी आपोआप येते. स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये १९०४ मध्ये आलेलं ओव्होमाल्टिन आणि ऑस्ट्रेलियात १९३४ मध्ये आलेलं मायलो त्याच घराण्यातले.

हिशेब करून बघा. २०० मिलिलिटर दुधात साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दहा टक्के प्रथिनांच्या पावडरीचे २० ग्रॅम घातले तर २ ग्रॅमची भर पडते. म्हणजे तीन चतुर्थांश काम दुधाचंच. पावडरीत साखर किती हे मात्र नक्की पाहा. काहींत ती तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असते. बार्ली आणि गव्हामुळे ग्लुटेन (या धान्यांतलं चिकट प्रथिन) असतं, म्हणून ग्लुटेन न सोसणाऱ्या सीलिअ‍ॅक आजारात ही पेयं बंद.

गुठळ्या होत असतील तर उकळत्या दुधात थेट पावडर टाकू नका. आधी दोन चमचे कोमट दुधात घोटून मऊ लगदा करा, मग उरलेलं दूध ओता. बरणीत ओला चमचा गेला की माल्टोज पाणी शोषतं आणि पावडरीचा दगड होतो. तो खराब नसतो, फक्त फोडून वापरावा लागतो.

इन्स्टंट नूडल्स दोन मिनिटांत कशा शिजतात? त्यांच्यावर मेणाचा थर असतो का?

मेण नसतं. त्या आधीच शिजलेल्या असतात, एवढंच गुपित.

मोमोफुकु आंदो यांनी ऑगस्ट १९५८ मध्ये जपानमध्ये ‘चिकन रामेन’ आणलं, कपातले नूडल्स १९७१ मध्ये. मैदा, पाणी, मीठ आणि थोडे कार्बोनेट क्षार मळतात. पिवळसर रंग आणि तन्यता त्या क्षारांमुळे येते. पट्टी लाटून, कापून, कुरळी करून वाफेवर शिजवतात आणि मग १४०-१६० अंश सेल्सिअसच्या तेलात एक-दोन मिनिटं तळतात. पाणी वाफ होऊन झपाट्याने बाहेर पडतं आणि मागे असंख्य बारीक छिद्रं राहतात. गरम पाणी पुन्हा त्याच छिद्रांतून आत शिरतं. पाणी गेलेल्या जागी तेल शिरल्यामुळे वडीत १५ ते २० टक्के फॅट असतं, आणि ते बहुधा पाम तेल. हवेवर सुकवलेल्या नूडल्समध्ये फॅट बरंच कमी असतं. छिद्रं कमी म्हणून त्या शिजायला जास्त वेळ घेतात. शिजायची मिनिटं वाचली तरी साधारण अंदाज येतो!

७० ग्रॅमच्या पुड्यात ३०० किलोकॅलरींच्या पुढेमागे ऊर्जा, ६-७ ग्रॅम प्रथिनं, फायबर नगण्य. खरी अडचण मिठाची. ब्रँडनुसार एका पुड्यात ८०० पासून १,५०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम, आणि त्याचा मोठा हिस्सा मसाल्याच्या पुडीत. अर्धी पुडी टाकणं हा सगळ्यात सोपा उपाय. रस्सा उरवला तर आणखी मीठ वाचतं. अंडं, मटार, गाजर घातलं की जेवण थोडंफार भरतं.

नूडल्सचा गाळ का होतो? पाणी उकळायच्या आधीच वडी टाकली म्हणून, किंवा आच बंद केल्यावर झाकून ठेवली म्हणून. छिद्रं पाणी पीतच राहतात. आणि पुडा फोडल्यावर जुन्या तळणीसारखा वास आला तर तारीख उलटलेली नसली तरी टाकून द्या. तळलेलं तेल उन्हात लवकर खवट होतं.

एमएसजीने डोकं दुखतं ना?

एमएसजी म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, चव वाढवण्यासाठी घालतात तो क्षार. १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून ही समजूत पसरली. ओळख झाकून केलेल्या चाचण्यांमध्ये, नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात, तसा ठाम परिणाम दिसला नाही. रिकाम्या पोटी ३ ग्रॅम किंवा जास्त एकदम घेतल्यावर काहींना थोडा वेळ त्रास होतो. जेवणात एवढं क्वचितच येतं.

किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये टोकियोत कोम्बू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं केलं. तेच ग्लुटामेट टोमॅटोत आणि मुरवलेल्या चीजमध्ये मुबलक असतं. एमएसजीत सोडियम १२ टक्के, मिठात ३९ टक्के, त्यामुळे थोडं एमएसजी घालून मीठ कमी करता येतं. ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ लिहिलेल्या पाकिटात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा हायड्रोलाइज्ड भाजीपाला प्रथिनं असतील तर ग्लुटामेट दुसऱ्या दाराने आलेलंच आहे.

केचपमध्ये इतकी साखर कशासाठी?

टिकण्यासाठी. चव नंतरची.

केचपचे पूर्वज आग्नेय आशियातले माशांचे आंबवलेले सॉस. टोमॅटोची कृती अमेरिकेत जेम्स मीझ यांनी १८१२ मध्ये छापली. एकोणिसाव्या शतकातला बाटलीतला केचप पातळ असे, बरेचदा कॅनिंगच्या कचऱ्यातून बनलेला आणि सोडियम बेन्झोएट या टिकवणाऱ्या रसायनावर तगलेला. १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्नाचा कायदा आला तेव्हा बेन्झोएटवरून मोठं रण पेटलं. हाइन्झ कंपनीने बेन्झोएट सोडलं आणि पिकलेले टोमॅटो, जास्त व्हिनेगर, जास्त साखर हा मार्ग धरला. पिकलेल्या टोमॅटोतल्या पेक्टिनने घट्टपणा आला, व्हिनेगरने जंतू रोखले आणि व्हिनेगरचा आंबटपणा झाकायला साखर वाढली. आजची चव त्या भांडणातून ठरली आहे.

परिणाम असा की १०० ग्रॅममागे २२-२३ ग्रॅम साखर. एका मोठ्या चमच्यात जवळपास ४ ग्रॅम साखर आणि साधारण १५० मिलिग्रॅम सोडियम. शिजवलेल्या टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य कच्च्यापेक्षा चांगलं शोषलं जातं हे खरं, पण चमचाभर केचपच्या भरवशावर राहण्याएवढं नाही.

बाटली उलटी करून ठोकली तरी येत नाही आणि मग एकदम भसकन येतो, कारण केचप ढवळल्यावरच पातळ होतो. झाकण लावून आधी जोरात हलवा. वर सुटलेलं पाणी नासकं नसतं, ढवळून घ्या. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवा.

कॉर्नफ्लेक्समध्ये खरंच लोखंड असतं?

असतं, आणि ते दिसतंही. मूठभर ‘आयर्न फोर्टिफाइड’ फ्लेक्स चुरून पाण्यासह प्लास्टिकच्या पिशवीत कालवा आणि दणकट चुंबक पंधरा-वीस मिनिटं पिशवीबाहेरून फिरवा. काळे कण गोळा होतात. ते खाद्य दर्जाचं लोहचूर्ण असतं. जठरातल्या आम्लात त्यातलं काही विरघळून शोषलं जातं. सगळ्या ब्रँडमध्ये हे दिसणार नाही, कारण काही जण लोहाचे क्षार वापरतात.

मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात जॉन केलॉग आणि त्यांचे धाकटे भाऊ विल यांनी १८९४ मध्ये शिळी झालेली गव्हाची कणीक लाटली, तेव्हा पोळीऐवजी पापुद्रे सुटले. पुढे मका आला. १९०६ मध्ये विल यांनी वेगळी कंपनी काढली. साखर घालण्यावरून भावांमध्ये बिनसलं होतं, आणि बाजारात साखर जिंकली.

मक्याचा अंकुर आधीच काढून टाकतात, कारण त्यातलं तेल खवट होतं. अंकुराबरोबर ई जीवनसत्त्व आणि कोंड्याबरोबर फायबर जातं. भरड साखर, मीठ आणि माल्टसह वाफवतात, सुकवतात, मुरवतात, रुळांखाली चपटी करून भाजतात. जीवनसत्त्वं शेवटी फवारून घालतात. म्हणून तक्त्यातले जीवनसत्त्वांचे आकडे भरगच्च आणि फायबरचा आकडा मात्र किरकोळ. ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते याचं माप) ८० च्या आसपास, म्हणजे दोन तासांत पुन्हा भूक. तक्त्यातली सर्व्हिंग ३० ग्रॅमची, आणि खोल वाडगा सहज ६० ग्रॅम घेतो.

चिप्सच्या पाकिटात अर्धी हवाच का? आणि काही चिप्स काळपट का असतात?

ती हवा म्हणजे नायट्रोजन. ऑक्सिजन नसला की तेल खवट होत नाही, आणि फुगलेलं पाकीट चुरा होऊ देत नाही. वजन पाहून घ्या, आकार पाहून नको.

बटाट्यात जवळपास ७८ टक्के पाणी असतं. साधारण चार किलो बटाट्यांतून एक किलो चिप्स निघतात आणि त्यात ३० ते ३५ टक्के तेल असतं. न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा इथे १८५३ मध्ये एका आचाऱ्याने चिडून चिप्स शोधले, ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण विल्यम किचनर या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ मध्येच बटाट्याच्या तळलेल्या चकत्यांची कृती छापली होती.

काळपटपणा येतो बटाटा फार थंडीत साठवल्याने. स्टार्चची साखर होते आणि तळताना ती करपते. याच साखरेची अ‍ॅस्पॅराजिन या अमिनो आम्लाशी १२० अंशांवर गाठ पडली की अ‍ॅक्रिलामाइड बनतं. कर्करोगाचा संशय असलेलं हे रसायन स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये अन्नात दाखवून दिलं. घरी तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, चकत्या पंधरा मिनिटं पाण्यात भिजवून पुसून घ्या आणि सोनेरी होताच काढा.

चॉकलेटवर पांढरी बुरशी आली आहे. खावं का?

बहुधा ती बुरशी नसून ‘ब्लूम’ असतो. बोट घासून बघा. तुकतुकीत होऊन नाहीसं झालं तर कोको बटर वर आलं आहे. खरखरीत लागलं तर ओलाव्याने साखर विरघळून पुन्हा वर जमली आहे. पहिला प्रकार उष्णतेचा, दुसरा फ्रिजमधून काढून लगेच उघडण्याचा. दोन्ही खायला निर्धोक, फक्त चव आणि पोत उतरतो. फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर हवाबंद डब्यात ठेवा आणि डबा बाहेर काढून तो खोलीइतका कोमट झाल्यावरच उघडा.

‘७० टक्के डार्क’ म्हणजे कोको मास आणि कोको बटर मिळून ७० टक्के. उरलेले ३० टक्के बहुतांश साखर. व्हाइट चॉकलेटमध्ये कोको बटर असतं, कोकोची भुकटी नसते. आणि घटकांत कोको बटरऐवजी वनस्पती चरबी दिसली तर ते कंपाउंड, म्हणजे चॉकलेटसारखा पण खरं चॉकलेट नसलेला पदार्थ. ते उन्हात टिकतं, पण जिभेवर मेणचट लागतं. दुधाचं चॉकलेट १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर यांना साधलं. अडचण दुधातल्या पाण्याची होती, आटवलेल्या दुधाने ती सुटली.

हेझलनट स्प्रेडमध्ये हेझलनट किती?

न्युटेलात १३ टक्के. साखर १०० ग्रॅममागे ५६ ग्रॅम, त्यानंतर पाम तेल. युद्धानंतर कोको महाग होता म्हणून इटलीच्या आल्बा गावचे पिएत्रो फेरेरो यांनी १९४६ मध्ये स्थानिक हेझलनटने तो ताणला. १९६४ मध्ये आजचं नाव आलं. गोड पदार्थ म्हणून खा, सुकामेवा म्हणून नको.

मार्जरीन चांगलं की लोणी?

१८६९ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या इनामासाठी इपोलित मेज-मुरिए यांनी गाईच्या चरबीपासून मार्जरीन केलं. १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मन यांनी द्रव तेलात हायड्रोजन घालून ते गोठवण्याचं पेटंट घेतलं आणि वनस्पती तेलाचा रस्ता खुला झाला. ही क्रिया अर्धवट थांबवली की ट्रान्स फॅट बनतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर पहिली कायदेशीर मर्यादा घातली. आजची मऊ, ट्रान्स फॅट नसलेली मार्जरीन हृदयासाठी लोण्यापेक्षा बरी. पण काही देशांत एका सर्व्हिंगमधलं अर्ध्या ग्रॅमहून कमी ट्रान्स फॅट ‘शून्य’ लिहिता येतं, म्हणून घटकांत ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ हे शब्द शोधा. पूर्ण हायड्रोजनीकृत तेलात ट्रान्स फॅट जवळपास नसतं.

प्रोसेस्ड चीज फाटत का नाही?

साधं चीज तापलं की प्रथिनं आकसतात आणि तेल सुटतं. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या थून इथे गेर्बर कंपनीत सोडियम सायट्रेट घालून चीज वितळवण्यात आलं. हा क्षार प्रथिनांतलं कॅल्शियम ओढून घेतो, प्रथिनं मोकळी होतात आणि चरबी धरून ठेवतात. प्रथिनं आणि कॅल्शियम मूळ चीजमधलंच, पण सोडियम वाढतं. २० ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये साधारण २५० मिलिग्रॅम. ‘चीज स्प्रेड’ किंवा ‘अ‍ॅनालॉग’ असेल तर चीजची टक्केवारी वाचा.

कंडेन्स्ड मिल्क रवाळ का होतं? बाळाला चालतं का?

बाळाला नाही. १०० ग्रॅममध्ये सुमारे ५५ ग्रॅम साखर असते. गेल बोर्डन यांचं १८५६ चं पेटंट निर्वात भांड्यात दूध आटवण्याचं. नंतर घातलेली साखरच जंतूंना पाणी मिळू देत नाही, म्हणून ते न उकळता टिकतं. रवाळपणा लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, मोठ्या खड्यांमुळे येतो. डबा आज थंड, उद्या गरम जागी राहिला की खडे वाढतात. उघडलेलं दूध काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा.

एकाच मापाच्या दोन आइस्क्रीमच्या डब्यांत इतका फरक का?

हवेचा. घोटताना मिश्रणाएवढीच हवा भरली तर एक लिटरचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. कमी हवेचं आठशे ग्रॅमपर्यंत जातं. लिटर न पाहता ग्रॅम पाहा. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल असतं.

‘बेस्ट बिफोर’ उलटली म्हणजे पदार्थ फेकायचा का?

लगेच नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही चव-कुरकुरीतपणाची हमी असते. नीट साठवलेली, न उघडलेली बिस्किटं किंवा इन्स्टंट कॉफी त्यानंतरही खाता येते, फार तर सादळलेली निघते. ‘यूज बाय’ मात्र सुरक्षेची तारीख आहे. ती उलटलेला दूध, मांस किंवा ताज्या चीजचा पदार्थ वास चांगला असला तरी खाऊ नये, कारण आजारी पाडणाऱ्या काही जंतूंचा वास येत नाही. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा असेल तर तारीख बघायचीही गरज नाही, चाखून न पाहता टाकून द्या.